साडेसात हजार पौंड आणि मागची थंड खोली

पत्र:

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. तीन वर्षांपूर्वी घर घेतलं, १९३०च्या दशकातलं, तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड. गॅसचा कॉम्बी बॉयलर आधीच्या मालकांनी २०१० साली बसवलेला. संक्रांतीच्या आदल्या रात्री तो बंद पडला आणि दोन दिवस सासूबाईंना किटलीत पाणी तापवून अंघोळ करावी लागली. मेकॅनिकनं एक भाग बदलून तो चालू करून दिला, पण 'आता याचं फार दिवस खरं नाही' असं सांगून गेला. माझ्या मनात आहे की सरकारचं साडेसात हजार पौंडांचं अनुदान घेऊन हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र, बसवावा. नवरा म्हणतो, तीन हजारांत नवा गॅस बॉयलर येतो, नसता उद्योग कशाला. त्यात गेल्या आठवड्यात एक माणूस दारात येऊन म्हणाला, 'सरकारी योजनेत बॉयलर फुकट आहे, आजच सही करा.' आम्ही अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचा आहे. सरकारचे पैसे घेतले तर तिथे अडचण येईल का? सासूबाईंना थंडी सोसत नाही आणि त्यांची मागची खोली कधीच नीट तापत नाही. शेवटचा प्रश्न त्यांचाच: गॅस गेला तर भाकरी कशावर शेकायची?

— एक वाचक, रेडिंग

उत्तर:

ताई,

आधी व्हिसाचं बोलू, कारण तो घोर मनाला लागलेला असताना बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. तुमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स न घेण्याची अट आहे. तिचा अर्थ 'सरकारी तिजोरीतला कुठलाही पैसा' असा होत नाही. पब्लिक फंड्समध्ये काय काय धरायचं याची यादी इथल्या गृहखात्यानं नावानिशी दिलेली आहे: युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, कौन्सिल टॅक्समधली सवलत, असे भत्ते. हीट पंपासाठी मिळणारं अनुदान, म्हणजे बॉयलर अपग्रेड स्कीम, त्या यादीत नाही. ते उत्पन्न बघून दिलं जात नाही आणि तुमच्या खात्यात जमाही होत नाही. तरीही सही करण्याआधी ती यादी सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, आणि व्हिसाचं काम बघणारा वकील असेल तर त्याला एका ओळीचा ईमेल टाकून उत्तर लेखी ठेवा. आयएलआरच्या बाबतीत मी कोणालाच ऐकीव माहितीवर विसंबू देणार नाही, माझ्यासुद्धा.

आता दारातला माणूस. त्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. फुकट किंवा जवळजवळ फुकट कामं करून देणाऱ्या योजना इथे आहेत, पण त्या प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या आणि भत्ते घेणाऱ्या कुटुंबांसाठी. तुम्ही दोघं नोकरी करता आणि भत्ते घेण्याची तुम्हाला मुभाच नाही. मग तो तुम्हाला कुठल्या योजनेत बसवणार होता? आणि जिथे काम खरोखर फुकट झालं, तिथेही ते नीट झालं असं नाही. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला. अशा योजनांमधून घरांच्या भिंतींना बाहेरून जे इन्सुलेशन लावलं गेलं, त्यातल्या ९८ टक्के घरांमध्ये दुरुस्ती करावी लागेल असे दोष निघाले. दुरुस्त केले नाहीत तर ओल आणि बुरशी येईल असे. वाचून मला फार वाईट वाटलं, कारण ती घरं बहुतेक करून ज्यांना भांडायला बळ नाही अशा लोकांची होती. असो. चुकून सही झालीच असेल, तर दारात झालेल्या करारातून चौदा दिवसांच्या आत कारण न देता बाहेर पडता येतं. आजच लेखी कळवा.

अनुदानाचा व्यवहार कसा होतो ते सांगते. तुमच्या सासूबाईंना हे लगेच कळेल, कारण गावाकडे छतावर सोलर बसवलेल्यांच्या खात्यात केंद्र सरकारचे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये थेट जमा होतात. इथे तसं नाही. अर्ज हीट पंप बसवणारी कंपनी करते आणि तो ऑफजेमकडे, म्हणजे इथल्या वीज-गॅस क्षेत्राच्या सरकारी नियामकाकडे जातो. ऑफजेम तुम्हाला ईमेल करून विचारतं की ही कंपनी तुमच्या वतीनं अर्ज करते आहे ना. तुम्ही हो म्हटलं की मंजुरीचं व्हाउचर निघतं, हवेवर चालणाऱ्या हीट पंपासाठी ते तीन महिने चालतं. काम झाल्यावर ७,५०० पौंड कंपनीला मिळतात आणि तुमच्या बिलातून तेवढी रक्कम वजा होते. कंपनी एमसीएस प्रमाणित असलीच पाहिजे; एमसीएस म्हणजे अशी यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी इथली व्यवस्था. ते एमसीएसच्या संकेतस्थळावर नाव टाकून दोन मिनिटांत बघता येतं.

पैसा कंपनीच्या हातात पडतो, म्हणून तुमची खरी निवड हीट पंप की बॉयलर अशी नसून कंपनी कोणती, अशी आहे. हे मी अनुभवातून सांगते आहे. अनुदान पाच हजारांवरून साडेसात हजार झालं ते २३ ऑक्टोबर २०२३ला. त्याच हिवाळ्यात आम्ही हीट पंप बसवून घेतला. आलेल्या माणसानं वीस मिनिटांत घर बघितलं, खोल्यांची मापं घेतली नाहीत, जुने रेडिएटर तसेच ठेवले आणि पाण्याचं तापमान ५५ अंशांवर लावून निघून गेला. घर गरम झालं, पण विजेचं बिल बघून मी हबकले. कंपनीला चार वेळा फोन केले, दरवेळी 'नवीन आहे, सवय होईल' एवढंच उत्तर. शेवटी दुसरा एक इंजिनिअर आला. त्यानं दिवसभर बसून प्रत्येक खोलीचा हिशोब मांडला, तीन रेडिएटर मोठे केले, पाणी ४० अंशांच्या आसपास आणलं. यंत्र तेच, घर तेच, बिल मात्र उतरलं.

यामागचं कारण समजून घेतलंत तर कोणीही तुम्हाला फसवू शकणार नाही. हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो, हा बाहेरच्या थंड हवेतली उष्णता काढून घरात आणतो. उष्णता तयार करायची नसते, फक्त उचलून आणायची असते, म्हणून विजेच्या एका युनिटात उष्णतेची तीन-चार युनिटं मिळतात. पण ती जितक्या उंचावर चढवायची तितके कष्ट जास्त. रेडिएटरमध्ये ५५ अंशांचं पाणी लागत असेल तर एकाचे तीनही मिळणं कठीण, ४० अंशांत भागलं तर एकाचे चार मिळू शकतात. आणि कोमट पाण्यावर खोली तापवायची तर रेडिएटरचा पसारा मोठा हवा. सगळी विद्या एवढीच आहे. बाहेर शून्याखाली गेलं तर चालेल का, अशी शंका असेल तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंडकडे बघा. तिथे ही यंत्रं घरोघर आहेत आणि रेडिंगची थंडी त्यांच्यापुढे काहीच नाही.

तेव्हा एकाही कंपनीला फोन करण्याआधी एक चाचणी करा. थंडी अजून आहे, वेळ अगदी योग्य आहे. तुमच्या कॉम्बी बॉयलरवर दोन तापमानं वेगवेगळी लावता येतात, एकाला नळाचं चित्र असतं आणि दुसऱ्याला रेडिएटरचं. नळाचं तसंच ठेवा. रेडिएटरचं बहुधा ७० किंवा ७५वर असेल, ते ५५वर आणा. बाहेर शून्य ते तीन-चार अंश असेल असे दोन-तीन दिवस निवडा, हीटिंग सकाळ-संध्याकाळ न लावता दिवसभर चालू ठेवा आणि प्रत्येक खोलीत साधा थर्मामीटर ठेवून आकडे लिहून काढा. सगळ्या खोल्या १९-२० अंशांवर टिकल्या तर तुमचं घर हीट पंपाला तयार आहे. मग ५० करून बघा. एखादी खोली मागे राहिली तर तिथला रेडिएटर लहान आहे, किंवा भिंतीतून, जमिनीतून, खिडकीच्या फटीतून ऊब निसटते आहे. मागच्या खोलीचं दुखणं यातच उघडं पडेल. हीट पंप घ्या किंवा घेऊ नका, त्या खोलीचा रेडिएटर बदलावा लागणार असं मला पत्रावरूनच वाटतंय. २०१०चा बॉयलर कंडेन्सिंग जातीचाच असणार, कारण २००५पासून इथे तसेच बसवावे लागतात. परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं की असा बॉयलर धुरातल्या वाफेतली उष्णताही वसूल करतो. म्हणजे चाचणीच्या काळात गॅसही थोडा वाचेल.

हिशोबाचं बघू. गेल्या वर्षभरात किती पौंड गेले ते नको, किती युनिट गॅस जळला ते बिलावरून काढा. समजा १२,००० युनिट. गॅसचा दर ६ पेन्स धरला तर ७२० पौंड झाले. बॉयलर ८५ टक्के क्षमतेनं चालतो असं धरलं तर घराला प्रत्यक्ष १०,२०० युनिट ऊब लागली. हीट पंपानं एकाचे तीन दिले तर ३,४०० युनिट वीज लागेल, २७ पेन्सनं ९१८ पौंड. एकाचे साडेतीन दिले तर सुमारे ७८७, चार दिले तर सुमारे ६८८. बघा, नुसत्या बसवणाऱ्याच्या कौशल्यावर वर्षाला सव्वादोनशे पौंडांचा फरक पडतो. अनुदान कितीही असो, तीनवर अडकलेला पंप तुम्ही दरवर्षी स्वतःच्या खिशातून पोसाल. हीट पंप असलेल्या घरांसाठी काही वीज कंपन्या दिवसातले ठरावीक तास स्वस्त देतात. त्यातून सरासरी दर २० पेन्सवर आला, तर साडेतीनच्या हिशोबानं खर्च ५८३ पौंडांवर येतो आणि गॅसला मागे टाकतो. हे दर दर तीन महिन्यांनी हलतात, म्हणून माझे आकडे काढून त्या जागी तुमच्या बिलातले घाला आणि मिस्टरांबरोबर बसून एकदा मांडा. त्यांना आकडे पटतील.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नवा गॅस बॉयलर अडीच ते साडेतीन हजारांत बसतो, एका दिवसात काम होतं, घर उचकटावं लागत नाही. हीट पंपाचा पूर्ण खर्च साधारण बारा ते चौदा हजार, त्यातून साडेसात हजार गेले की साडेचार ते साडेसहा हजार तुमच्या खिशातून. शिवाय हीट पंपावर ३१ मार्च २०२७पर्यंत व्हॅट शून्य आहे, गॅस बॉयलरवर २० टक्के. म्हणजे मधला फरक दोन-तीन हजारांचा. पुढच्या दोन वर्षांत घर विकायचं किंवा भारतात परतायचं ठरत असेल तर मिस्टरांचं बरोबर आहे, गॅस बॉयलर बसवा आणि विषय संपवा. पण पंधरा वर्षं राहायचं असेल, तर तुमच्या जागी मी हीट पंपच घेईन. सरकार चालू बॉयलर जबरदस्तीनं काढायला लावणार अशी भीती मात्र कोणी घालत असेल तर ऐकू नका, तसं काहीही नाही.

(आधीच्या मालकांनी बॉयलर ज्या २०१०मध्ये बसवला, त्याच वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जुने, जी श्रेणीचे (म्हणजे सर्वात कमी कार्यक्षम) बॉयलर मोडीत काढण्यासाठी ४०० पौंड दिले जात होते. तुमचा बॉयलर कदाचित त्याच पैशातून आलेला असेल. त्याहून मागे गेलं तर १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत या देशात कोळशापासून केलेला गॅस बंद करून समुद्रातला नैसर्गिक गॅस आणला, तेव्हा घरोघरी जाऊन शेगड्यांचे बर्नर बदलले होते. त्या वेळच्या घरांतही असेच वाद झाले असणार.)

आता पैशापेक्षा अवघड गोष्ट. आपल्या हाडात भिनलंय की खोलीतून बाहेर पडलं की दिवा बंद, पंखा बंद, हीटर बंद. माझी आई इथे आली की दर अर्ध्या तासानं थर्मोस्टॅट खाली करायची. तिला वाटायचं लेकीचे पैसे जळताहेत. गॅसच्या घरात ती काटकसर थोडीफार चालून जाते, कारण बॉयलर अर्ध्या तासात घर तापवतो. हीट पंपाला ती मारक आहे. बंद करून घर गार होऊ दिलं की पुन्हा तापवताना त्याला पाणी जास्त गरम करावं लागतं आणि तिथेच वीज जाते. तो मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखा तासन्‌तास हळू चालू द्यायचा. रेडिएटर हाताला कोमटच लागतील, त्यावर ओला टॉवेल कडकडीत वाळणार नाही, पण पहाटे चारलाही घर १९ अंशांवर असेल. बाहेरची थंडी बघून पाण्याचं तापमान आपोआप वर-खाली करणारी सोय पंपात असते. ती लावून द्या म्हणून कंपनीच्या मागे लागा आणि मग घरातल्या कोणी तिला हात लावायचा नाही. सासूबाईंना हे आधी समजावून सांगा. सांधे दुखणाऱ्या माणसाला दोन तास भट्टी आणि चार तास गारठा यापेक्षा दिवसभराची एकसारखी ऊब फार बरी.

अंघोळीच्या पाण्याचं बदलेल. कॉम्बीला टाकी नसते, नळ सोडला की तो तापवतो. हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागते. इथे तिला सिलिंडर म्हणतात, तेव्हा कोटेशनमध्ये सिलिंडर वाचून सासूबाईंना आपला गॅसचा वाटायला नको. दीडशे ते अडीचशे लिटरची ती टाकी कुठे बसणार हा घरातला पहिला वाद असेल. वरच्या मजल्यावर जुनं कपाट असेल तर तिथे, नाहीतर माळ्यावर किंवा जिन्याखाली. लहान टाकी गळ्यात मारू देऊ नका. तुमच्याकडे गणपतीला, दिवाळीला पाहुणे येत असतील तर ते सांगून टाका. चार माणसांच्या हिशोबाची टाकी आठ जणांना पुरत नाही. आपल्या बादलीच्या अंघोळीला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं, त्या मानानं शॉवर जास्त खातो, तेव्हा सासूबाईंमुळे टाकी रिकामी होणार नाही.

कोटेशन तीन तरी घ्या. तिघांनाही एकच गोष्ट विचारा: प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशोब कागदावर देणार का, आणि कडाक्याच्या थंडीत रेडिएटरकडे पाणी किती अंशांचं जाईल? ४५ किंवा त्याखालचा आकडा देणाऱ्याशी पुढे बोला. 'बघू, जमेल' म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. किंमत बघताना अनुदान वजा केलेला मोठ्या अक्षरांतला आकडा झाकून ठेवा आणि वजा करण्याआधीचे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. काही जण अनुदान गृहीत धरूनच किंमत चढवतात, ते तिथे दिसतं. जुन्या घरांत पाइप फार बारीक असले तर अडचण येते, तेही विचारा. तुमच्या काळातल्या घरांत कधीकधी दोन शेजाऱ्यांची विजेची मुख्य तार एकत्रच आलेली असते. ती वेगळी करायची असेल तर काम विजेचं जाळं सांभाळणारी कंपनी करते आणि त्याला महिने लागू शकतात. म्हणून हे आत्ताच तपासा. पंपाचा बाहेरचा डबा शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर दूर ठेवण्याची अट इंग्लंडमध्ये मे २०२५मध्ये गेली, त्यामुळे बाजूच्या अरुंद बोळातही तो आता बसू शकतो. आवाजाची मर्यादा मात्र आहे. शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

माळ्यावरचं इन्सुलेशन पूर्ण असल्याशिवाय अनुदान नाही, ही अट मे २०२४मध्ये रद्द झाली. अट गेली म्हणून काम टाळू नका. माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचा थर असायला हवा, तुमचा पट्टीनं मोजा. खर्च थोडा आहे आणि परिणाम पहिल्याच रात्री जाणवतो.

काम एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करून घ्या. मधल्या काळात बॉयलर पुन्हा बंद पडला तर घाबरून त्याच दिवशी नवा गॅस बॉयलर मागवू नका, घाईतच चुका होतात. विजेवर चालणारे दोन ऑइल रेडिएटर आणून ठेवा, पाण्यासाठी मोठं पातेलं आहेच, आणि दुरुस्तीला आणखी दीडशे-दोनशे पौंड गेले तर जाऊ द्या. तुमच्या ओळखीचं कोणी स्कॉटलंडमध्ये असेल तर त्यांना हे पत्र जसंच्या तसं लागू नाही. तिथे घरमालक स्वतः होम एनर्जी स्कॉटलंडकडे अर्ज करतो, साडेसात हजारांच्या अनुदानाबरोबर तेवढंच बिनव्याजी कर्ज मिळू शकतं आणि मंजुरी हातात येण्याआधी काम सुरू करायचं नसतं.

राहिली भाकरी. अनुदानाची अट घर आणि पाणी तापवण्यापुरती आहे, स्वयंपाकाची शेगडी गॅसची ठेवता येते. पण एका शेगडीसाठी गॅसची जोडणी ठेवली तर रोजचा स्थिर आकार भरावा लागतो, साधारण तीसेक पेन्स, म्हणजे वर्षाला शंभर पौंडांच्या वर. आमच्याकडे पहिलं वर्ष शेगडी ठेवली होती, मग काढली. इंडक्शनवर लोखंडी तवा चांगला तापतो, भाकरी तव्यावरच उलटून कापडानं दाबली की फुगते, फुलकेही होतात. वांगं मात्र भाजता येत नाही. त्यासाठी मी अंगणात छोटी कॅम्पिंगची शेगडी ठेवली आहे. सासूबाईंना ज्वालेवरचीच भाकरी लागत असेल तर त्या इथे आहेत तोवर जोडणी ठेवा. शंभर पौंडांसाठी त्यांचं जेवण बेचव करू नका.

तेव्हा आज रात्री रेडिएटरचा आकडा ५५वर आणा आणि पहिला थर्मामीटर मागच्या खोलीत ठेवा. तीन दिवसांचे आकडे आले की कळवा. कोटेशन आली की तीही नावं झाकून पाठवा, आपण दोघी मिळून वाचू.